थंडीपेक्षा अंधार

मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला निघाली की घरात तयारी चालते ती थंडीची. स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे, सुंठीची पूड आणि आजीने आग्रहाने दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा. या तयारीत गैर काही नाही. परंतु एडिंबरासारख्या उत्तरेकडील शहरात पहिल्या वर्षी मुलांची खरी कसोटी पाहतो तो गारठा नव्हे. कपड्यांचे दोन-तीन थर आणि वारा अडवणारा एक चांगला कोट एवढ्यावर गारठा बराचसा भागतो. कसोटी पाहतो तो अंधार, आणि त्याच्यासाठी बॅगेत काहीच भरलेले नसते.

पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८.५ अंशांवर आहे, एडिंबरा ५६ अंशांवर. आपल्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवसदेखील ११ तासांच्या आसपास असतो. तिकडे ऑक्टोबरात दिवस रोज सुमारे चार मिनिटांनी आखूड होत जातो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकाएकी अंगावर येते. पावणेपाचच्या आतच सूर्य मावळलेला असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तर तो सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आधी निघून जातो.

आता यात विद्यार्थ्याचा दिनक्रम बसवून पाहा. व्हिसाच्या नियमानुसार पदवीच्या सत्रात आठवड्याला २० तास काम करता येते. ते बहुधा उपाहारगृहात, रात्री उशिरापर्यंत. झोपायला दोन वाजतात, उठायला दहा. पुढचा दिवस व्याख्यानाच्या खोलीत आणि ग्रंथालयात. मुळात सात तासांचा उजेड, त्यातला पदरात पडतो खिडकीतून दिसेल तेवढा.

नॉर्मन रोझेन्थल हे मनोविकारतज्ज्ञ १९७६ साली जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला आले, तेव्हा हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९८४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुजन्य नैराश्याचे शास्त्रीय वर्णन केले. स्वच्छ उन्हाच्या देशातून आलेल्या माणसालाच हे प्रथम जाणवावे, यात नवल नाही.

या नैराश्याचे रूप मात्र फसवे असते. उदास माणसाची आपली कल्पना ठरलेली आहे: त्याला अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही. येथे अनेकदा नेमके उलटे घडते. झोप वाढते, पाव, बटाटा, गोड यांची ओढ वाढते, वजनही वाढते. सकाळी अंथरुणातून निघवत नाही, मित्रांकडे जाणे टळते, वाचलेले डोक्यात शिरत नाही. दूर असलेली आई विचारते, ‘जेवलास का? झोप होते ना?’ दोन्हींचे उत्तर ‘हो’ येते आणि घर निश्चिंत होते. निकालात गुण घसरले, की मग ‘आळशी झालास’ हा शेरा. तो शेरा मुलाला आधीच स्वतःविषयी वाटत असलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करतो, म्हणून तो विशेष घातक.

उपायांत पहिला मान सकाळच्या उजेडाला. ढगाळ आकाशाखालीही दिव्यांनी उजळलेल्या खोलीपेक्षा कितीतरी पट अधिक प्रकाश डोळ्यांना मिळतो. म्हणून उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर चालणे, मग पाऊस भुरभुरत का असेना. १०,००० लक्सचे प्रकाशदीपही मिळतात. सकाळी अर्धा तास ते समोर ठेवतात. मात्र डोळ्यांचा विकार असल्यास किंवा मनःस्थितीत टोकाचे चढउतार होत असल्यास डॉक्टरांना विचारल्याविना ते वापरू नयेत. ‘ड’ जीवनसत्त्वाचा प्रश्न निराळा, पण त्याच ऋतूतला: तिकडची आरोग्ययंत्रणा हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना ती बाराही महिने. (जाता जाता: हीटरवर ओले कपडे वाळत घालून खिडक्या घट्ट लावून घेतल्या, की भिंतींना काळी बुरशी धरते आणि दमा असलेल्यांना त्रास होतो. दहा मिनिटे खिडकी उघडावी.)

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तेथील डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. त्यासाठी शहरात पोहोचताच जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवून ठेवावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी आली, तर दोन आठवडे मोजत बसू नये. रात्री-अपरात्री १११ वर, आणि जिवाला धोका असेल तर ९९९ वर फोन करावा.

घरच्यांच्या हाती एक साधी गोष्ट आहे: फोनची वेळ. घड्याळे मागे गेली की आपल्यातले अंतर साडेचारवरून साडेपाच तासांचे होते. आपला रात्री नऊचा नेहमीचा फोन मग तिकडे दुपारी साडेतीनला जातो, म्हणजे उरलासुरला उजेड खोलीत बसवून संपवतो. त्याऐवजी आपल्या दुपारी अडीचला फोन करा. तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात. ‘कोट घाल, खाली उतर, चालता चालता बोल,’ असे सांगा, आणि जेवणाऐवजी आज बाहेर काय काय दिसते आहे, ते विचारा.