शिक्षेने जखम भरत नाही

९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाई पोलाद कारखान्यातील कोक ओव्हनच्या वायुवाहिनीस आग लागली. भाजलेल्या कामगारांना सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयात हलविण्यात आले. आधी चौकशी पूर्ण होऊ द्या, दोषी कोण ते ठरू द्या, मग जखमांचे पाहू, असे त्या दिवशी कोणी म्हणाले असते, तर पोलादनगरीने त्याला वेड्यात काढले असते. दोषनिश्चिती आणि उपचार ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत, हे तिला शिकवावे लागत नाही. मात्र बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या जीवाचा प्रश्न येताच साऱ्या समाजाला या साध्या शहाणपणाचा विसर पडतो.

छत्तीसगडमधील कांकेर जिल्ह्यात, झलियामारी येथील शासकीय आश्रमात राहणाऱ्या आदिवासी मुलींवर तेथील शिक्षक व चौकीदार यांनी अत्याचार केल्याचे जानेवारी २०१३ मध्ये उघडकीस आले. संताप उसळला, खटला चालला, शिक्षाही झाली. न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण गुन्हेगार तुरुंगात गेला म्हणजे मुलगी भयातून सुटली, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रात बसतो?

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांच्या भरपाईची व पुनर्वसनाची तरतूद केली. २०१९ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी मृत्युदंड आणला. टाळ्या पडल्या त्या दुसऱ्या गोष्टीला. फाशीच्या दोराने जखम शिवता येत नाही, हे कोणी विचारात घेतले नाही. केंद्र शासनाच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. गुन्हेगार जेव्हा काका किंवा मामा असतो, तेव्हा शिक्षा जितकी भीषण, तितके घराचे ओठ घट्ट मिटतात. मग छत्तीसगढी घर असो वा कारखान्याच्या नोकरीनिमित्त भिलाईत स्थिरावलेले मराठी घर, 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हाच न्याय लागू होतो.

मूल लहान आहे, विसरेल, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. पण न बोललेली आठवण मोडलेल्या झोपेतून, स्पर्शाच्या धसक्यातून आणि 'माझेच चुकले' या समजुतीतून परत येत राहते. ज्यूडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ विदुषीने १९९२ मध्ये बरे होण्याचे तीन टप्पे मांडले: प्रथम सुरक्षितता, मग स्मरण व शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा जोडले जाणे. यात विस्मरणाला कोठेही स्थान नाही. मुलांच्या उपचारात भीती आवरण्याची साधने आधी दिली जातात, घडलेले हळूहळू शब्दांत आणले जाते आणि ते न दटावता ऐकण्यास पालकांनाही शिकविले जाते.

साक्ष होईपर्यंत समुपदेशन नको, जबानी बिघडेल, हा दुसरा आक्षेप. जाणता उपचारक मुलाच्या तोंडी शब्द घालीत नाही. त्याला झोप यावी, शाळेत पाऊल टाकता यावे, यासाठी तो झटतो. पुराव्याच्या सोयीसाठी मुलाला वेदनेत ठेवणे, हा न्यायाच्या नावाने केलेला दुसरा अन्याय आहे.

देशातील पहिले 'सखी' केंद्र २०१५ मध्ये भिलाईशेजारच्या रायपुरातच सुरू झाले. तातडीचा आसरा, पोलीस, वकील, समुपदेशन हे सारे तेथे एका छताखाली आले, याचे श्रेय द्यावेच लागेल. पण तातडीची मदत ही उपचाराची केवळ सुरुवात होय; बरे होण्यास महिने, कधी वर्षे लागतात. शिवाय ही केंद्रे स्त्रिया व मुलींसाठी आहेत. २००७ च्या त्याच पाहणीत अत्याचार सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. त्यांनी कोणते दार ठोठवावे? आणि चाळिशीत प्रथमच तोंड उघडणाऱ्याने?

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रशिक्षित बालमानसोपचारक हवा. मुलाच्या भाषेत, मग ती छत्तीसगढी असो, गोंडी असो वा मराठी, चालणारा आणि खटल्याच्या तारखांवर न अडणारा उपचार हवा. भाजलेल्या कामगाराला हा हक्क मागावा लागत नाही. ज्याची जखम दिसत नाही, त्याने तरी तो भीक म्हणून का मागावा?