हा म्हातारचळ नव्हे, रोग आहे!

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने आपल्या समाजाचे फार मोठे नुकसान केले आहे. जन्मभर हिशेबात पैचीही चूक न केलेले वडील पेन्शनचे पैसे पुनःपुन्हा मोजतात, जेवून उठतात आणि घटकाभराने ‘मला अजून कोणी वाढले नाही’ अशी तक्रार करतात. तेव्हा घरची माणसे हसतात, नाही तर चिडतात. वास्तविक ही बाब थट्टेचीही नव्हे आणि रागाचीही नव्हे.

अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली हा रोग वैद्यकापुढे मांडला. १९०१ साली त्याने प्रथम तपासलेली ती रुग्ण स्त्री अवघी ५१ वर्षांची होती! या रोगात मेंदूत विकृत प्रथिने साचतात आणि पेशी मरत जातात. प्रथम पुसल्या जातात त्या कालपरवाच्या आठवणी. जुन्या आठवणी पुष्कळ काळ टिकतात. म्हणूनच गावच्या शाळेतले मास्तर आठवतात, पण समोर उभा असलेला मुलगा ओळखू येत नाही. अर्थात, प्रत्येक विसराळूपणा म्हणजे अल्झायमर नव्हे. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता यांनीही स्मृती मंदावते आणि त्यांवर इलाज आहे. तेव्हा ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

अल्झायमर समूळ बरा करणारे औषध मात्र अद्याप निघालेले नाही. जेथे औषध थकते तेथे शुश्रूषा उरते. ही शुश्रूषा करते कोण? बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा लेक. मध्यरात्री ‘कचेरीत जायचे आहे’ म्हणून निघालेल्या सासऱ्यांना दारातून समजावून परत आणायचे, त्यांचे कपडे बदलायचे, ‘तू कोण?’ हा प्रश्न दिवसातून दहादा ऐकायचा आणि सकाळी स्वतःची लोकल गाठायची! अशा घरात रोगी एक असतो, पण खचतात दोघे.

वृद्ध आईबापांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असा कायदा २००७ साली संसदेने केला. तो योग्यच आहे. पण जे आपल्या माणसांना टाकून देत नाहीत, त्यांच्यासाठी सरकारने काय केले, असा आमचा रोखठोक सवाल आहे. केरळ राज्याने २०१४ साली ‘स्मृतिपथम्’ ही योजना काढून अशा रुग्णांसाठी दिवसा सांभाळ करणारी केंद्रे उघडली. मग मुंबईला ते अशक्य का असावे? महापालिकेने प्रत्येक वॉर्डात असे एक तरी केंद्र उघडावे, तेथे शिकलेल्या परिचारिका नेमाव्यात आणि मध्यमवर्गाला परवडेल एवढीच फी ठेवावी, अशी आमची मागणी आहे.

ज्यांनी आम्हांला अक्षरे गिरवायला शिकवली, त्यांना आमचे नाव आठवत नसेल, तर ते आम्ही शंभरदा सांगू. परंतु सांगणाऱ्यालाही घटकाभर विसावा मिळाला पाहिजे. तो देणे हा नगरपित्यांचा उपकार नव्हे. ते त्यांचे कर्तव्य आहे!