तेल कुणाच्या जमिनीत, कसब कुणाच्या हातात?

"अल्लाहने तेल मुसलमानांच्या जमिनीखाली ठेवले आहे. जगाला आपल्याशिवाय चालणार नाही." हे वाक्य लग्नाच्या दावतीत, जुम्म्यानंतर मशिदीबाहेरच्या गप्पांत आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कोकणातल्या ज्या घरांतून दोन-तीन पिढ्या कुवेत, दम्माम, अबुधाबीला गेल्या, तिथे ते जास्तच ठामपणे बोलले जाते. बोलणाऱ्याची भावना समजण्यासारखी आहे. रोज काही ना काही कमीपणा वाट्याला येणाऱ्या माणसाला कुठेतरी आपले मोठेपण हवे असते. तरीही हे वाक्य तपासून पाहायला हवे, कारण त्याच्या भरवशावर आपली मुले शिक्षणाचे निर्णय घेतात.

पहिली गोष्ट म्हणजे 'तेल' नावाची एकच एक वस्तू नसते. जमिनीखाली तेलाची तळीही नसतात. खडकाच्या बारीक छिद्रांत ते मुरलेले असते. सौदी अरेबियातले घवार हे जगातले सर्वांत मोठे तेलक्षेत्र १९४८ साली सापडले. त्याची लांबी सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून सोलापूर गाठून पुढेही थोडे उरेल इतकी.

कच्च्या तेलाची पारख मुख्यतः दोन गोष्टींवर होते. पहिली घनता. ती 'एपीआय' अंशांत मोजतात. पाण्याचे माप १० अंश धरले जाते आणि आकडा जितका मोठा तितके तेल हलके. ३१ अंशांच्या वर हलके, २२च्या खाली जड. दुसरी गोष्ट गंधक. अर्ध्या टक्क्याहून कमी गंधक असेल तर तेल 'स्वीट', जास्त असेल तर 'सावर'. घवारचे 'अरब लाइट' साधारण ३३ अंशांचे, म्हणजे हलके, पण त्यात गंधक दोन टक्क्यांच्या आसपास. त्याच देशातल्या सफानिया या समुद्रातल्या क्षेत्राचे तेल 'अरब हेवी' म्हणून विकले जाते आणि त्यात गंधक तीन टक्क्यांच्या जवळ जाते. १९७४ साली सापडलेल्या आपल्या मुंबई हायचे तेल हलके आणि कमी गंधकाचे, पण देशाची गरज भागेल इतके नाही. व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातले तेल तर १० अंशांच्या आसपासचे, जवळजवळ डांबरच.

हा फरक फक्त प्रयोगशाळेपुरता नाही. हलक्या, स्वीट तेलातून पेट्रोल-डिझेल सहज आणि जास्त निघते. जड तेलाचे मोठे रेणू तोडावे लागतात, गंधक काढायला हायड्रोजन लागतो, त्यासाठी महागडी यंत्रणा आणि ती चालवणारी जाणती माणसे लागतात. म्हणून तेलाची किंमत तेलाच्या जातीवर ठरते, आणि त्या तेलातून किती कमावता येईल हे रिफायनरीवर ठरते.

सर्वांत मोठे सिद्ध तेलसाठे व्हेनेझुएलाकडे आहेत. तो मुस्लिम देश नाही. शिवाय त्या साठ्यांनी त्याला वाचवलेही नाही. २००२-०३च्या संपानंतर तिथल्या सरकारी तेल कंपनीतून सुमारे १८ हजार कर्मचारी काढले गेले. त्यांत अनुभवी तंत्रज्ञ होते. पुढे गुंतवणूक आटली, देखभाल थांबली, नंतर अमेरिकी निर्बंध आले. २०२० साली जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांवर बसलेल्या त्या देशात लोक पेट्रोलसाठी रांगेत उभे होते, आणि पेट्रोलची जहाजे इराणहून आली.

इराणची कथा आपण नीट वाचली पाहिजे. १९०१ साली तिथल्या शाहने विल्यम डार्सी या इंग्रजाला तेल शोधण्याचा ६० वर्षांचा हक्क दिला, नफ्याच्या १६ टक्के वाट्यावर. १९०८ साली मस्जिद-ए-सुलेमान इथे तेल लागले. पुढे आबादानची रिफायनरी जगात सर्वांत मोठी झाली. जमीन इराणची, घाम इराणी मजुरांचा, पण वरच्या तांत्रिक जागा, जहाजे आणि बाजारपेठ ब्रिटिशांच्या हातात. १९५१ साली मोहम्मद मोसद्देग यांनी तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटिश तंत्रज्ञ निघून गेले आणि ब्रिटनने खरेदीदार अडवले. तेल होते, ते विकता येत नव्हते. १९५३ साली अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तचरांच्या मदतीने मोसद्देग यांचे सरकार उलथवले गेले. १९८० साली सुरू झालेल्या युद्धात आबादान उद्ध्वस्त झाले. २००७ साली, प्रचंड तेलसाठे असूनही, इराणला पेट्रोलचे रेशनिंग करावे लागले आणि चिडलेल्या लोकांनी पंप जाळले. मग निर्बंध असतानाच बंदर अब्बासची नवी रिफायनरी २०१७पासून चालू झाली, आणि तीन वर्षांत तोच देश दुसऱ्याला पेट्रोल पाठवू लागला. तिथल्या राजवटीविषयी आपले गंभीर मतभेद असू शकतात. पण १९५१ ते २०२० या काळात जमिनीखालचे तेल बदलले नाही. काय शिकले गेले, ते बदलले.

दुसऱ्या टोकाला गुजरातमधले जामनगर आहे. तिथला जगातला सर्वांत मोठा रिफायनरी-संकुल जवळजवळ पूर्णपणे बाहेरून आणलेल्या तेलावर चालतो. इतरांना नको असलेले जड, सावर तेल स्वस्तात घ्यायचे आणि त्याचे डिझेल करून निर्यात करायचे, हा त्याचा धंदा.

माझ्या क्षेत्रात 'डेटा म्हणजे नवे तेल' असे म्हणायची फॅशन आहे. म्हणणारे विसरतात की कच्चे तेल कुणीच गाडीत घालत नाही.

आणि हे कसब आपल्याला परके तरी कुठे आहे? अल-राझी यांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी 'किताब अल-असरार'मध्ये नफ्तचे ऊर्ध्वपातन कसे करावे हे लिहून ठेवले. आजच्या रिफायनरीतला 'नाफ्ता' हा शब्द त्याच कुळातला. अभिमान बाळगायचाच असेल तर त्या भट्टीचा बाळगू या. तेल मिळणे हा भूगर्भाचा योगायोग. भट्टी उभारायला इल्म लागतो.

आखातात राबलेल्या आपल्या वडिलांचा, चाचांचा हा अपमान नाही. त्यांच्या पगारावरच आपली घरे उभी राहिली, आपण शिकलो. पण बारावीनंतर मुलगा "व्हिसा आला की जाईन" म्हणून दोन वर्षे घरी बसतो, तेव्हा त्याला कुणीतरी सांगायला हवे की पेट्रोकेमिकल अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम रायगडमधल्या लोणेरेच्या विद्यापीठातही आहे, आणि माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था लोकलच्या अंतरावर आहे. मुलीलाही हेच सांगायला हवे, तिच्यासाठी स्थळे पाहायला लागण्याआधी. आखातात जायचेच असेल तर पाइप जोडायला जाणे आणि तो प्रकल्प चालवायला जाणे यांत चार वर्षांच्या शिक्षणाचे अंतर आहे.

उद्या तेलाची जागा बॅटरी घेईल. लिथियम कुणाच्या जमिनीत आहे, यावर तेव्हाही दावतीत गप्पा होतील. त्या रंगण्याआधी आपल्या मोहल्ल्यातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींची यादी करू या, आणि कोण कुठे प्रवेश घेणार हे एकेकाला विचारू या. या रविवारीच.