‘येते’ म्हणून गेलेली आई

श्लेष-यमकांवर असामान्य प्रभुत्व असलेल्या मोरोपंतांची (१७२९-१७९४) कर्मभूमी म्हणजे बारामती. एका शब्दातून दोन अर्थ काढण्याची ती विद्या प्रौढांची. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी मात्र शब्दाला एकच अर्थ असतो आणि तो खरा असतो. ‘पोटात कावळे ओरडताहेत’ असे वडील म्हणाले, तर ते पोटाला कान लावून पाहील. ‘बोहारणीला देऊन टाकीन’ असे आई रागाने म्हणाली, तर बोहारणीची आरोळी ऐकताच ते दाराआड दडेल. मोठी माणसे हसतात व विसरून जातात. परंतु हा खुळेपणा नव्हे. लहान मुलाचा विचार प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टींना बांधलेला असतो, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी दाखविले. लक्ष्यार्थ वयाबरोबरच उमगू लागतो.

हसण्यावारी नेता येणार नाही असाही एक शब्द आहे. निघताना ‘जाते’ म्हणणे अशुभ, म्हणून मराठी घरांत ‘येते’ म्हणण्याचा प्रघात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोड कुटुंबे बारामती-इंदापूर तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात येतात. कित्येकांची मुले गावी आजी-आजोबांपाशी राहतात. उंबऱ्यात आई ‘येते हं’ म्हणते. संध्याकाळी मूल दारात जाऊन बसते. आईने शब्द दिलेला असतो ना! ती परतते गाळप आटोपल्यावर, पाच-सहा महिन्यांनी. दरम्यान मुलाने काय समजावे? आई खोटे बोलली, की आपलेच काही चुकले?

पोटासाठी कोयता उचलणाऱ्या आईला दोष देणे अन्यायाचे होईल. शासनाची हंगामी वसतिगृहे मुलांच्या जेवणाची व शाळेची सोय करतात, तीही हवीच. परंतु दारात बसलेल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. ‘संक्रांत होईल, होळी होईल, मग मी येईन’ एवढे सांगितले, तरी मुलाच्या हाती मोजण्यासारखे काही राहते. गावच्या गुरुजींनी दिनदर्शिकेवर एकेक दिवस खोडावयास शिकविले, तर ती प्रतीक्षा सुसह्य होईल. रडे चुकविण्यासाठी ‘आत्ता येते’ म्हणून कचेरी गाठणाऱ्या शहरी आईबापांनाही हेच लागू आहे.

शब्दाचा दुसरा अर्थ मुलाला पुढे आयुष्य शिकवितेच. पहिला अर्थ खरा असतो, हा विश्वास मात्र घरानेच द्यावयाचा असतो.