सड्यावरचे दिवे आणि चौकटीतला फॉस्फरस

मा. संपादक,

सड्यावर रात्री दिसणाऱ्या दिव्यांची बातमी आपल्या अंकात वाचली. गावकरी त्याला वेताळाची पालखी म्हणतात आणि खाली चौकटीत खुलासा आहे, की हाडांतला फॉस्फरस किंवा दलदलीतला वायू पेटतो, बाकी सगळी अंधश्रद्धा. मी बत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण वाईट वाटलं ते ही चौकट वाचून.

हाडांतला फॉस्फरस कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असतो आणि ते आपोआप पेटत नाही. दलदलीतल्या वायूला, म्हणजे मिथेनलाही, ठिणगी लागते. ती कुठून येत असावी याचा धागा आत्ता कुठे हाती लागतो आहे. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाण्यातल्या मिथेनच्या सूक्ष्म बुडबुड्यांमध्ये इवल्याशा विजा चमकताना टिपल्या. पण त्यालाही पाणथळ जागा हवीच ना? बातमी वैशाखातली आहे आणि तेव्हा आमच्या जांभ्याच्या सड्यावर पाण्याचा टिपूस नसतो.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आषाढात गोठ्यामागे हिरवट उजेड दिसला होता. काका बॅटरी घेऊन धावले. झोत टाकला, तर कुजलेला ओंडका. बॅटरी विझवली आणि थोडं थांबलो, तर ओंडका पुन्हा उजळलेला! कुजक्या लाकडावर वाढणारी बुरशी होती ती. काजव्यासारखीच रासायनिक क्रियेतून ती उजेड देते, धग अजिबात नसते. भूत माणसाची चाहूल लागली की लपतं असं म्हातारी माणसं का म्हणत, ते त्या रात्री कळलं. त्यांनी पाहिलेलं खरंच होतं. हातातला कंदीलच तो मंद उजेड पुसून टाकत असे.

मृगात ओढ्याकडेने ओळीने सरकणारे दिवे पाहिले, तर मी आधी बत्त्या घेऊन चढणीचे मासे धरणाऱ्यांचीच चौकशी करीन. वैशाखात तेही नसतात.

अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्फा गावाजवळचे दिवेही असेच गाजलेले. २००४ मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिथे चार रात्री मुक्काम ठोकला. दूरच्या महामार्गावरची वाहनं मोजली, कॅमेरे लावले, आपली गाडीही त्या रस्त्यावर पाठवली. त्यांना दिसलेले दिवे मोटारींचे निघाले. नॉर्वेतल्या हेसडालेन खोऱ्यात मात्र १९८३ मध्ये संशोधन प्रकल्प सुरू झाला, १९९८ मध्ये स्वयंचलित केंद्रही उभं राहिलं, आणि तरी तिथल्या काही दिव्यांचं सर्वमान्य उत्तर अजून मिळालेलं नाही. तिथले संशोधक तसं उघडपणे सांगतात. माझ्या लेखी विज्ञान ते हेच.

आपल्या बातमीत तारीख नाही, वेळ नाही, दिशा नाही. दिवा पांढरा होता की तांबूस, एका जागी होता की सरकत होता, किती वेळ टिकला, हवा कशी होती, यातलं काहीच नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना हे कुणी विचारलंच नसावं. सड्यासमोरच्या डोंगरातून घाटरस्ता जातो. माझा पहिला संशय त्याच्यावर आहे, पण दिशा कळल्याशिवाय तसं ठामपणे कसं म्हणू?

येत्या अमावास्येला चार माजी विद्यार्थ्यांना घेऊन मी सड्यावर बसणार आहे. दोघं जण घाटात गाडी घेऊन थांबतील आणि ठरल्या वेळी दिवे उघडझाप करतील. ज्यांनी ते दिवे पाहिले त्यांनी आमच्यासोबत यावं, एवढं कृपया छापावं.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, राजापूर