शनवार तेल्यांच्या वह्या

अलिबाग म्हटलं की आपल्याला बीच आणि फिश थाळीच आठवते. पण तिथल्या इस्रायल आळीत कधी शिरलायत? कोकणातले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर! वल्हांडणाच्या सणाची पोथी, हगादा, १८४६ सालीच मुंबईत मराठी अर्थासह छापली गेली. बायबलमधल्या कथांवर चक्क मराठी कीर्तनं व्हायची. १९४८ नंतर हळूहळू बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथल्या नातवंडांची भाषा हिब्रू. कीर्तनाच्या वह्या स्कॅन होतीलही, पण वाचणार कोण? ते काम मराठी येणाऱ्यालाच जमणार, म्हणजे तुम्हा-आम्हाला. पुढच्या ट्रिपमध्ये मागेन अबोथ सिनेगॉगला जा. शनिवार सोडून, अर्थात.