मॉरिशसला जाऊन पनीरच खायचं होतं तर…



परवा भिशीत मॉरिशसचा विषय निघाला. एका मैत्रिणीच्या मुलाने सहलीचं बुकिंग केलंय. ती मोठ्या समाधानाने म्हणाली, "आपलं जैन जेवण आहे हं! सोबत महाराज येतात. बाहेरचा घाससुद्धा तोंडात घालायला नको." (महाराज म्हणजे आचारी, गैरसमज नको.) तेव्हा मी गप्प बसले. पण अशाच सहलीला आम्ही दोघं जाऊन आलोय, म्हणून आज लिहितेच.

सहा दिवस आम्ही काय खाल्लं? पनीर, छोले, जिरा राइस. समुद्राकडे पाठ करून हॉटेलच्या हॉलमध्ये बसायचं आणि सांगलीतल्या कुठल्याही लग्नात मिळतं ते खायचं. तेही मी चालवून घेतलं असतं. पण रात्रीचं जेवण साडेआठला! जून महिना होता. तिथे तेव्हा हिवाळा असतो, पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मी विनंती केली, "आम्हा दोघांना साडेपाचला काहीतरी द्या." उत्तर मिळालं, "मॅडम, तेव्हा सगळे बीचवर असतात. आणि जेवण जैनच आहे की!"

म्हणजे कांदा, लसूण, बटाटा वगळला की झालं जैन? मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब मलाही कळतो. नुसत्या वजाबाकीने धर्म होत नाही. सूर्यास्तानंतर पेटलेल्या शेगडीवरचं अन्न कंदमूळ नाही म्हणून शुद्ध कसं? तरी आमच्या गटात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. रस्त्यावरच्या गाडीवर मात्र सगळे नाक मुरडत होते.

ती गाडी होती पोर्ट लुईच्या बाजाराजवळ, दालपुरीची. हा तिथला घराघरातला पदार्थ. डाळ हळद घालून शिजवायची, निथळून कोरडी वाटायची, त्याच डाळीच्या पाण्यात मैदा भिजवायचा, डाळ भरून रुमालासारखी पातळ पुरी लाटायची आणि तव्यावर भाजायची. आपल्या पुरणपोळीची गूळ न घातलेली बहीणच म्हणा ना! दोन पुऱ्यांची जोडी गुंडाळून देतात, आत पांढऱ्या वालांची रस्साभाजी, टोमॅटोचं रुगाय आणि चटणी.

१८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरले. बिहारकडचे सर्वांत जास्त, पण त्यात आपल्या रत्नागिरीकडचेही होते. आजही तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. ऊस तोडणाऱ्या त्या माणसांनी परक्या बेटावर जपलेली ही पुरी. आपल्याच माणसांच्या हातचं अन्न "बाहेरचं" म्हणून झिडकारताना मला लाज वाटली.

मी उतरले. गाडीवरच्या बाईंना थोडी भोजपुरी, थोडी हिंदी येत होती. विचारलं, "भाजीत कांदा-लसूण आहे?" "आहे." "रुगायमध्ये?" "त्यातही." "पुरीत?" "फक्त डाळ, मैदा, हळद, जिरं, मीठ, तेल." चटणीत नुसती कोथिंबीर, मिरची आणि टोमॅटो. मग पुरी आणि चटणी घेतली. भर दुपारी, उन्हात उभ्याने खाल्ली. सहा दिवसांत तेवढं एकच जेवण मला जैन वाटलं, कारण ते विचारून घेतलेलं होतं.

"पाणी गाळलेलं होतं का?" असं एकीने विचारलंच. नाही माहीत, बाई. ज्यांचं तेवढं काटेकोर व्रत आहे त्यांनी खाऊ नये, त्यांना माझा नमस्कार. पण हॉटेलच्या पाण्याबद्दल तरी तू कुठे विचारलंस?

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल काकू बिघडल्या. मोबाइलवर "हे खाल्लं नाही तर मॉरिशस पाहिलंच नाही" अशा याद्या येतात. त्यात ऑक्टोपसची करी पहिल्या पाचात. जीव मारून चव घेतली तरच देश कळतो, हे मला साफ नामंजूर आहे. शाकाहारी म्हणून सुचवतात ते पाम वृक्षाच्या गाभ्याचं सॅलड. तो गाभा काढायला कित्येक वर्षं वाढवलेलं अख्खं झाड पाडतात. वाटीभर सॅलडसाठी झाड! शाकाहारी असूनही मी ते घेतलं नाही. उलट तिखटमीठ लावलेला अननस खुशाल खाल्ला. सब्ज्याचं थंड दूध, त्याला तिथे आलुदा म्हणतात, त्यात जिलेटिन आहे का हे विचारून मगच घ्या. समुद्री शेवाळापासून केलेलं अगर घातलंय म्हणाले, तरी घ्यायचं की नाही ते आपापल्या नियमाप्रमाणे ठरवा.

डोळे मिटून सगळं खाणारे आणि डोळे मिटून सगळं नाकारणारे, दोघांनीही विवेक घरीच ठेवलेला असतो. भक्ष्य-अभक्ष्य ओळखायचं आपल्याला शिकवलंय. ते ओळखण्याचं काम टूरवाल्याला पैसे देऊन सोपवता येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, बुकिंग करताना आधी विचारा, "सूर्यास्तापूर्वी जेवण द्याल का?" नाही म्हणाले तर "जैन" हा शब्द जाहिरातीतून काढा म्हणावं. खाकरे जरूर न्या, अडीअडचणीला उपयोगी पडतात. आणि तिथल्या क्रिओल भाषेतले तीन शब्द पाठ करा: झोन्यों म्हणजे कांदा, लाय म्हणजे लसूण, पोमदेतेर म्हणजे बटाटा. आधी "सां" लावलं की झालं "शिवाय". मग त्या गाडीपाशी थांबा आणि विचारा. विचारल्याचा राग तिथे कोणालाच आला नाही. राग आला तो आमच्या टूर मॅनेजरला!